बेडक्याने आठवा गड घेतला त्याची हकीगत

श्री कुलस्वामी आणि श्री वनदेवता यांचे चरणी मस्तक ठेवून लिहिणार लिहितो, आणि वाचणाराने हासू आवरून वाचावे ऐशी विनंती. मजकूर ऐसा की, जोयडे महालात, काळी नदीच्या वरल्या अंगास, जेथे रात्री वाघाचा अंमल आणि दिवसा वनखात्याचा अंमल चालतो, तेथे मौजे कुंभारवाडा येथील राजश्री लाडू वेळीप, वय पंचेचाळीस, शेत भाताचे, दुकान चहाचे, यांणी आपल्या सख्ख्या पुतणीशी जो दावा मांडिला, आणि त्यापायी आठवा गड सर करून जी फत्ते संपादिली, ती हकीगत येणेप्रमाणे. यात पदरचे काही नाही. जे लोक हॉलात हजर होते त्यांणी सांगितले तेच लिहिले. आणि जे हजर नव्हते त्यांणी त्याहून पुष्कळ अधिक सांगितले, ते वगळिले.

कलहास कारण एक निवलेला चहा. लाडूजींचे ज्येष्ठ बंधूंची कन्या सोनियाबाई, जोयड्याच्या कॉलेजात बी.कॉम.चे दुसऱ्या वर्षास, मोबाईलवरील युद्धात मोठी नामांकित. त्या युद्धाची रीत ऐसी की शंभर असामी विमानातून उडी टाकितात आणि एकमेकांस मारीत सुटतात, आणि शेवटी जो उरेल त्याची फत्ते. आणि उरणारी बहुतकरून हीच. तर एके दिवशी ही शूर स्त्री चुलत्यांचे दुकानी बाकड्यावर बसोन युद्धात गर्क जाहली, आणि चहा समोर ठेविला तो तैसाच राहिला, आणि त्यावर साय धरली, आणि मग लाडूजींचे मस्तक फिरले. कारण दुकानदाराचा चहा निवणे म्हणजे त्याची इभ्रत निवणे होय.

"अगो, च्या पी की. गार झाला."

"थांबा हो काका. मधीच सोडता येत न्हाई. मरतंय न्हवं!"

"च्या प्यायला बी सोडत न्हाई? हे कसलं गेम म्हणायचं? आमच्या येळेला बटण दाबलं की गडी हवेत उडी मारलेला तसाच थांबायचा. माणूस जेवून, हात धुऊन आलं तरी हवेतच."

सोनियाबाईंनी मान वर न करिता विचारिले, "आणि करंट गेला की?"

याजवर लाडूजी फडक्याने बाकडे पुसू लागले. तेव्हा पुतणीने दुसरा तीर सोडिला, तो वर्मी बैसला: "काका, तुमच्या त्या बेडक्याच्या गेमला एंड तरी हाय व्हय? ह्या गावात कुणी बघितलाय?"

हा बेडक्या कोण, हे येथे सांगणे प्राप्त आहे. लाडूजींचे तीर्थरूपांनी मडगावाहून एक व्हिडिओ गेम आणिला होता, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेटीवरील नाव पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने खाल्ले, सबब खेळाचे खरे नाव कोणासच ठाऊक नाही. आत एक हिरवा शिपाई, टुणटुण उड्या मारणारा, म्हणोन तमाम गावाने त्यास बेडक्या म्हटले. त्याने एकामागोमाग आठ गड घ्यावे. आणि आठव्या गडाचा किल्लेदार एक अजस्र कुर्ली, म्हणजे खेकडा, दोन्ही नांग्या परजून दरवाजा अडवून बसलेला. त्या दरवाजाचे पलीकडे काय आहे, हे लाडूजींस मिसरूड फुटण्यापूर्वीपासून पाहावयाचे होते. आणि पाहू पाहू म्हणेतो दर खेपेस घात व्हावा. एकदा फणसाची फांदी तारेवर पडली. एकदा वानर खांबावर चढले. आणि लग्नाचे साली तर कुर्लीस एकच ठोसा उरला असता कोठेही काही न पडता, कोणीही न चढता करंट गेला. काळी नदीवर सुप्याचे थोर धरण, त्याच्या पाण्यावर वीज होऊन दूरदूरच्या शहरांत उजेड. परंतु तीच वीज आपल्या जन्मगावी येते ती माहेरवाशिणीसारखी, उंबऱ्यावर पाय टेकला न टेकला तोच परत जावयाची घाई. आणि करंट गेला की बेडक्या पहिल्या गडाखाली पुन्हा नवजात उभा, मागील पराक्रमाचा लेशही शिल्लक नाही. नव्या खेळात तैसे नाही. तेथे मिळविले ते कोठेसे ढगात जमा राहते. सारांश, जुन्या खेळास थांबा होता, साठा नव्हता. नव्यास साठा आहे, थांबा नाही. हे उभय पक्षांचे बलाबल.

तेव्हा बाकड्यावरच तह ठरला, आणि भजी खाणारे साक्षीस राहिले. येत्या रविवारी दिवस मावळण्यापूर्वी बेडक्याने आठवा गड घेऊन खेळाचा शेवट दाखविला, तर सोनियाबाईंनी मांडावर, म्हणजे जेथे शिग्म्यास खेळ होतात आणि एरवी गावचे तंटे तुटतात त्या पटांगणात उभे राहून, जुने खेळ बरे होते, ऐसे मोठ्याने बोलावे. आणि न दाखविला, तर लाडूजींनी 'आमच्या येळेला' हे दोन शब्द हयात असेतो उच्चारू नयेत. हे दुसरे कलम कानी पडताच लाडूजींचे कुटुंब केशरबाई चुलीपाशी होत्या, त्या मनोमन पुतणीस यश चिंतित्या जाहल्या.

रविवारच का, तर सोमवारी गावच्या हॉलातील पोटाळ टीव्ही निघोन त्याचे जागी भिंतीस चिकटणारा चपटा टीव्ही येणार होता, आणि त्या चपट्याचे पाठीस लाल, पिवळी, पांढरी वायर खुपसावयाची भोकेच नव्हती. गावात दुसरा पोटाळ टीव्ही उरला नव्हता. दोन शब्द गेले तर जावोत, परंतु कुर्लीचे मागे काय आहे हे न पाहता टीव्ही गेला, तर मग सारा जन्म दाराबाहेरच सरला, ऐसी लाडूजींची अवस्था. शनिवारी केशरबाईंनी विचारिले की इतके मनास का लावून घेता, तर म्हणाले, "मेल्यावर कोण सांगणार हाय मला, तिथं काय हुतं ते?" आणि केशरबाईंनी उत्तर दिले की, "गड घ्या न्हाईतर सोडा, उद्या दूध उतू गेलं तर मी बघणार न्हाई." परंतु हे बोलताना त्यांणी नवऱ्याचा चांगला सदरा इस्तरीस काढिला, हेही नमूद असावे.

रविवारी सकाळी न्याहारी करोन लाडूजी सदरा घालून हॉलात दाखल जाहले. कॅसेट दोन्ही हाती धरोन, डोळे मिटोन, तिच्या तोंडात लांब फुंकर घातली, कारण त्यावाचून ती कॅसेट प्रसन्न होत नाही. आणि पडद्यावर बेडक्या उभा राहताच वडीलधाऱ्या मंडळींनी आरोळी दिली. एका अंगास जुना पक्ष सतरंजीवर, दुसऱ्या अंगास सोनियाबाईंची तरणी फौज खुर्च्यांवर, हाती मोबाईल. मग लाडूजींनी सुलतानढवा केला. पहिला गड हा हा म्हणता घेतला, दुसरा आणि तिसरा चहा पीत घेतला, चौथ्यावर वटवाघळांनी छापा घातला तो मोडून काढिला, पाचव्याच्या खंदकात एक जीव खर्ची पडला, आणि सहाव्या गडाची शिडी चढत असता पडद्यावर एक पांढरा ठिपका उरला, आणि मग तोही गेला. पंखा गरगरत थांबला. करंट गेला.

"गेला! गेला!" म्हणोन खुर्च्यांवर नाच जाहला. लाडूजी मात्र रिमोट हाती धरोन काळ्या पडद्याकडे पाहत बैसले, आणि त्यांचा अंगठा अद्याप उडीच्या बटणावर होता. ते पाहोन सोनियाबाईंचे मन द्रवले. त्यांणी आपल्या फौजेस गप्प केले आणि गनिमाचे गोटात जाऊन स्वमुखे सांगितले, "असं जिंकून काय करायचं, काका? कपाटामागं सोलरचा इन्व्हर्टर हाय की. टीव्ही आणि गेम त्याच्यावर टाका. करंट गेला तरी चालतंय." शत्रूने शत्रूस ऐसी मसलत द्यावी, हे युद्धशास्त्रात क्वचित. तरण्यांपैकी काहींनी फितुरी म्हणोन कुरकुर केली, तेव्हा बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते वायर ओढू लागले.

वायरी जोडून होईतो दुपारी करंटही आला, आणि दुसरी स्वारी निघाली. या खेपेस सहावा पडला, सातवाही पडला, आणि आठव्या गडाचे पायथ्याशी बेडक्या दोन जीव राखोन उभा राहिला. तोच ट्यूबलाईट विझली आणि पंखा थांबला. परंतु टीव्ही चालूच! इन्व्हर्टरने करंटास न जुमानिता रसद चालू ठेविली. हॉलात ऐसा जल्लोष उठला की कौलांवरील वानरे पळाली. लाडूजींचे डोळे पाणावले. आजवर करंट गेला आणि बेडक्या उरला, ऐसे कधी घडले नव्हते.

परंतु दैव पाहा. त्याच समयी मातुश्री अनुसयाबाई, लाडूजींच्या आई, उकडलेल्या कोनांची, म्हणजे रानकंदांची टोपली डोईवर घेऊन हॉलाचे दारी आल्या. आता या प्रांती एक रीत आहे. करंट जातो तो निमूट जातो, परंतु येतो तो दुप्पट जोराने येतो, आणि जे चालू सापडेल ते जाळतो. मातुश्रींचे यजमानांचा रेडिओ ऐसाच जळाला होता. तेव्हापासून घराघरात दंडक ऐसा की दिवा विझला रे विझला, वडील माणसाने प्रथम बोर्डापाशी जाऊन सगळी बटणे खाली पाडावी, आणि मग काय ते बोलावे. मातुश्रींनी पाहिले की ट्यूब विझली आहे, पंखा उभा आहे, आणि ही एवढी थोरली माणसे बटणे चालू ठेवून नाचत आहेत. त्यांणी टोपली उतरिली आणि खटाखट, खटाखट, एका हाताने तमाम बोर्ड साफ केला, आणि त्यात टीव्हीचे आणि खेळाचेही बटण होते.

पडदा काळा जाहला.

"आये!" लाडूजी रिमोटासकट उभे राहिले.

"काय आये? करंट गेलाय ते कळतंय का तुला? जळलं असतं सगळं. बापाचा रेडिओ इसरलास?"

मग सोनियाबाईंनी आजीस बाजूस घेऊन सर्व उलगडोन सांगितले, इन्व्हर्टर म्हणजे काय, साठा म्हणजे काय, आणि आठवा गड म्हणजे काय. मातुश्रींनी शांतपणे ऐकिले, आणि त्यांचा चेहरा उतरला, आणि त्या कोनांची टोपली तेथेच ठेवून लेकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मला कुठं ठावं रं. परत चढ. कितींदा पडलास लहानपणी."

तेव्हा सोनियाबाईंनी तहाची नवी शर्त पुढे केली की, हाच बेडक्या चित्रावरून हुडकून माझे मोबाईलात उतरवून देते, तेथे दर गडावर साठा करिता येतो, पडलात तर तेथूनच पुढे चला, घटकेत शेवट पाहाल. बोलणे खरे होते आणि दयेचे होते. लाडूजींनी मोबाईल हाती घेऊन पाहिला आणि परत दिला. मग म्हणाले, "बघता येईल गो. पण मी पोचलो असं न्हाई व्हायचं. मला कुणीतरी नेऊन सोडलं असं हुईल." आणि कॅसेट काढोन पुन्हा फुंकर मारिली.

तिसरी स्वारी उन्हे कलल्यावर. करंट अद्याप परागंदा. इन्व्हर्टरने तिसऱ्या गडापाशीच कुंईकुंई चालविली, की रसद सरली. लाडूजींनी थांब्याचे बटण दाबिले. बेडक्या उडीमध्ये अधांतरी लटकला. पुढे काय, म्हणोन सारे हवालदिल, तो रस्त्यावर हॉर्न ऐकू आला. जोयड्याहून बाजारची माणसे घेऊन महाबळेश्वर जीपवाले येत होते. सोनियाबाई आडव्या धावल्या आणि त्यांणी जीप रोखिली.

"म्हाबळूमामा, बॅटरी द्या!"

"आणि गाडी काय तुझ्या आजीनं ढकलायची?"

"बंद न्हाई करायची. इंजिन चालूच ठेवा. लाडूकाका आठव्याच्या वाटंवर हायत."

महाबळेश्वर हे बाळपणी लाडूजींचे शेजारी सतरंजीवर बसोन तीच कुर्ली पाहिलेले. आठवा शब्द ऐकताच त्यांणी जीप वळवून तिचे तोंड खिडकीस भिडविले. आत उतारू होते, त्यांत एक बाई ओरडली, "अवो, माझ्या पिशवीत बांगडे हायत! वास मारंल!" त्यावर महाबळेश्वर म्हणाले, "मग उतरा आणि बघा. बांगड्यास्नी बी बघू द्या." आणि बॉनेट उघडोन जाड वायरी खिडकीतून आत लोटिल्या, आणि जीप घुरघुरत राहिली, आणि इन्व्हर्टरचे रडणे थांबले. उतारू शिव्या देत उतरले, आणि दारापर्यंत शिव्या देत आले, आणि आत येताच सतरंजीवर जागा शोधू लागले.

बोर्डाचा बंदोबस्त मातुश्रींनी आपण होऊन पत्करिला. दारामागील केरसुणी हाती घेऊन, बोर्डास तोंड आणि टीव्हीस पाठ करोन त्या उभ्या राहिल्या, आणि जाहीर केले, "आता कुणी बटणाला हात लावून तर बघू दे." तेथे माशीदेखील बैसली नाही.

बेडक्या अधांतरीचा खाली उतरला आणि चालू लागला. चौथा गेला, पाचवा गेला. सोनियाबाईंच्या मोबाईलावर त्यांचे सरदार खलित्यांवर खलिते पाठवीत होते की, सामना सुरू जाहला, बाई कोठे आहेत, आणि बाईंचा शिपाई एका गच्चीवर एकलाच उभा राहोन कोणाच्या तरी गोळीने पडला, आणि बाईंस त्याची खबरही नाही, कारण त्या सतरंजीवर जुन्या पक्षात येऊन, गुडघे पोटाशी घेऊन, "काका, डावीकडं! डावीकडं!" म्हणोन ओरडत होत्या. सहावा आणि सातवा दोन जीव खाऊन पडले. आठव्या गडावर बेडक्या चढला तो एकच जीव घेऊन.

कुर्लीने नांग्या उगारिल्या. लाडूजींनी नेहमीप्रमाणे समोरून चाल केली, आणि नांगीचा वार वाचवीत मागे आले. पुन्हा गेले, पुन्हा मागे. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तो महाबळेश्वरांनी आपल्या टॉवेलाने पुशिला. तेव्हा दुकान बंद करोन केशरबाई दारी आल्या होत्या. पावसाळ्यात ओहोळातील कुर्ल्या हातांनी धरण्यात त्यांचा हातखंडा. त्यांणी पडदा पाहिला मात्र, कपाळास हात लाविला.

"अवो! कुर्ली फुडनं धरत्यात व्हय? इतकी वर्सं फुडनंच जात हुता? मागनं जावा, मागनं!"

लाडूजींनी बेडक्यास अंगावरून उडी मारविली. आणि काय चमत्कार, कुर्लीस वळताच येईना! ती समोरच नांग्या आपटीत राहिली, आणि बेडक्याने पाठीवर एक ठोसा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, आणि कुर्ली उलटी होऊन पायांचा जुडगा हालवीत दिसेनाशी जाहली, आणि दरवाजा उघडला.

सारा हॉल पडद्याकडे सरकला. दाराचे आत खजिना नव्हता, सिंहासन नव्हते. एक बारीकशी खोली, कोपऱ्यात चूल, चुलीपाशी एक मोठी, वाकलेली, हिरवी बेडकीण पळीने काही ढवळीत होती. बेडक्या आत गेला आणि टोपी काढोन बसला. तिने त्याचे पुढे ताट ठेविले. दोन टिकल्या चमकल्या, पडदा काळा जाहला, आणि पुन्हा पहिला गड आला. सारा प्रकार एका घोटाइतका.

आणि मग जो कल्लोळ उसळला त्याचे वर्णन लेखणीस अशक्य. महाबळेश्वरांनी लाडूजींस उचलिले, तरण्यांनी महाबळेश्वरांस उचलिले, बांगडेवाल्या बाईंनी पिशवीच केशरबाईंस बहाल केली की तळा आणि सर्वांस वाटा, आणि बाहेर कोणी जीपचा हॉर्न नौबतीसारखा वाजविला. सोनियाबाई शब्दास जागल्या. मांडावर उभे राहोन, चारी दिशांस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलल्या, "जुने गेम बरे हुते! पण करंट तवाचा बी वाईटच हुता!" आणि उत्तरार्ध तहात नसताही उभय पक्षांनी मान्य केला.

हॉलात परतल्यावर पाहतात तो मातुश्री अद्याप बोर्डास तोंड करून, केरसुणी उगारून उभ्या.

"झालं का रं?"

"झालं, आये. घेतला गड."

"मग काय हुतं तिथं आत?"

लाडूजी पडद्याकडे वळले, तो तेथे पुन्हा पहिला गड. तेव्हा सर्वांचे ध्यानी आले की एवढ्या हॉलात शेवट न पाहिलेली एकच व्यक्ती, आणि ती जिच्या पहाऱ्यामुळे तो दिसला. सर्वांची दृष्टी सोनियाबाईंकडे वळली, की यांणी तरी मोबाईलात चित्र उतरविले असेल. बाईंनी मोबाईल पाहिला. कॅमेरा उघडा होता, परंतु बटण दाबावयाचे भान राहिले नव्हते. साठ्याचा कैवार घेणाऱ्या पक्षाचा साठा रिता.

"सांग की रं, काय हुतं?" मातुश्रींनी पुन्हा पुशिले.

"सांगण्यासारखं न्हाई ते, आये," लाडूजी म्हणाले, "बघण्यासारखं हाय. बस हितं."

आणि त्यांणी मातुश्रींस हाती धरोन सतरंजीवर, पडद्यासमोर, पहिल्या रांगेत बैसविले. बोर्डाची चौकी सोनियाबाईंनी केरसुणीसकट आपल्याकडे घेतली. महाबळेश्वरांनी डिझेलचा काटा पाहोन सांगितले की पुरेल. उतारूंपैकी एकही उठला नाही, कारण बांगडे तव्यावर पडले होते.

येणेप्रमाणे रविवारी, दिवस मावळण्यास कासराभर अवकाश असता, मौजे कुंभारवाड्याचे हॉलात बेडक्याने आठवा गड घेतला, फत्ते लाडू वेळीप यांची जाहली, आणि तह उभयतांनी पाळिला, हे नमूद. हे लिहिणे पुरे होतेसमयी पहिल्या गडास पुन्हा वेढा पडला आहे, आणि मातुश्री विचारितात की हा हिरवा कोण.